मॅस्टोडॉनचा सर्व्हर बंद होतोय? खातं आधी हलवा, निरोप नंतर घ्या

नमस्कार राजेहो! गोरेवाड्याला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या एका दर्शक ताईंचा मेसेज आला: "दादा, आमचा मॅस्टोडॉनचा सर्व्हर बंद होऊन राहिला. अ‍ॅडमिन म्हणतात, दुसरीकडे जा. माझे फॉलोअर्स येतील का सोबत? अन् फोटो?"

ताई, फॉलोअर्स येतील. फोटो नाही येणार. उलटं वाटतं ना? तेच आज बघू. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच सोशल नेटवर्क, पण एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचं.

२०११ च्या जानेवारीत देशभर मोबाईल नंबर पोर्ट करायची सोय आली. १९०० ला मेसेज टाका, यूपीसी कोड घ्या, कंपनी बदला, नंबर तोच. मॅस्टोडॉनवर मात्र तुमच्या पत्त्यातच सर्व्हरचं नाव असतं. ताईंचा पत्ता म्हणजे आधी त्यांचं नाव, मग ॲट, मग सर्व्हर. सर्व्हर बदलला की पत्ता बदललाच. म्हणजे इथे नवा नंबर घ्यायचा, आणि जुन्या कंपनीनेच सगळ्यांना कळवायचं की बाई आता तिकडे गेल्या.

हे कळवणं मॅस्टोडॉन ३.० पासून, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरपासून, नीट होतं. योगायोग बघा, पुढच्याच महिन्यात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर आपल्याकडचे बरेच लोक रागारागात मॅस्टोडॉनवर गेले. त्यातले किती टिकले ते सोडा.

[स्क्रीन रेकॉर्डिंग: नव्या खात्याचं सेटिंग]

आता बघा. सुरुवात नव्या सर्व्हरवरून करायची, जुन्यावरून नाही. नवं खातं काढलं की प्रेफरन्सेसमध्ये अकाउंट, तिथे खाली 'मूव्हिंग फ्रॉम अ डिफरंट अकाउंट'. त्यात जुना पत्ता पूर्ण टाकायचा, सर्व्हरच्या नावासकट. याला अलायस म्हणतात. नव्या खात्याने जाहीर केलं की, हो, ते जुनं खातं माझंच.

मग जुन्या खात्यात जा. 'मूव्ह टू अ डिफरंट अकाउंट'. नवा पत्ता, पासवर्ड, बटण. संपलं.

पण आत काय घडतं ते समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे. जुना सर्व्हर तुमच्या प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरला एक निरोप पाठवतो: या खात्याने घर हलवलं. त्या निरोपावर तुमच्या जुन्या खात्याच्या किल्लीची, म्हणजे एका गुप्त कोडची, डिजिटल सही असते. समोरचा सर्व्हर लगेच विश्वास ठेवत नाही. तो नव्या खात्याकडे जाऊन अलायस बघतो. दोन्हीकडून होकार जुळला, की तो फॉलोअरला जुन्यावरून काढून नव्यावर लावतो. फॉलोअरला काही करावं लागत नाही. सही नसती, तर कोणीही उठून म्हणालं असतं की अमुक ताईंचे सगळे फॉलोअर्स आता माझे; आणि अलायस नसता, तर कोणीही आपले फॉलोअर्स न विचारता ताईंच्या गळ्यात बांधले असते.

आणि ती सहीची किल्ली कुठे असते? जुन्या सर्व्हरवर. तुमच्या फोनमध्ये नाही. म्हणून सर्व्हर एकदा बंद पडला की निरोप पाठवायला कोणी उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' या सर्व्हरचं तसंच झालं. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, म्हणजे वेब पत्त्याचं त्या देशाचं शेपूट, आणि तालिबान सरकारने ते नाव काढून घेतलं. सर्व्हरमध्ये बिघाड काही नव्हता, नावच गेलं. गमतीखातर परदेशी डोमेन घेणाऱ्यांनी जरा विचार करावा बाप्पा.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करण्याआधी किमान ३ महिने सूचना द्यायचं मान्य करतात. पण यादीबाहेरचे, एखाद्या पोराने हौसेनं चालवलेले सर्व्हर पुष्कळ आहेत. ताईंचा अ‍ॅडमिन सज्जन निघाला, आधी सांगितलं.

[स्क्रीन: इम्पोर्ट अँड एक्सपोर्टचं पान]

फॉलोअर्स आपोआप येतात, पण तुम्ही ज्यांना फॉलो करता ते नाही येत. ते इथून सीएसव्ही, म्हणजे साध्या यादीच्या, फाईलमध्ये उतरवा: फॉलोज, लिस्ट, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क. नव्या सर्व्हरवर त्या इम्पोर्ट करा. 'मर्ज' निवडा. 'ओव्हरराइट' केलं तर तिथे आधी जोडलेले लोक उडतील. ज्यांचं खातं कुलूपबंद आहे त्यांना नव्याने रिक्वेस्ट जाईल, ती ते स्वीकारतील तेव्हाच फॉलो होईल.

पोस्टचं काय? जुन्या सर्व्हरवरून अर्काइव्ह, म्हणजे तुमच्या मजकुराची साठवलेली फाईल, मागता येतं, ७ दिवसांतून एकदा. त्यात पोस्ट आणि फोटो असतात. पण मॅस्टोडॉन ते अर्काइव्ह परत आत घेत नाही. म्हणजे ताईंचे फोटो त्यांच्या हार्डडिस्कवर सुखरूप, नव्या खात्यावर मात्र पाटी कोरी. मला हे पटत नाही. प्रत्येक पोस्टची ओळखच जुन्या सर्व्हरच्या पत्त्याला बांधलेली असते, हे कारण खरं आहे, पण वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याला त्याचं काय समाधान?

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या नेटवर्कने ही गाठ वेगळी सोडवली. तिथे तुमची खरी ओळख म्हणजे डीआयडी नावाचा एक लांबलचक कोड, आणि तो सर्व्हरला चिकटलेला नसतो. पोस्ट, लाइक, फॉलो एका गाठोड्यात असतात आणि ते गाठोडं नव्या सर्व्हरवर नेता येतं, फोटो मागून वेगळे न्यायचे. हे खरं पोर्टिंग. तुमचं खातं आता अमुक सर्व्हरवर आहे, ही नोंद बदलायला सही लागते, आणि ती किल्ली बहुतेकांची ब्लूस्काय कंपनीच सांभाळते. कंपनी ईमेलवर कोड पाठवते तेव्हा काम पुढे सरकतं. स्वतःची जास्त अधिकाराची किल्ली नोंदवून ठेवता येते. मग जुना सर्व्हर रुसला, बुडाला, तरी तुम्ही हलू शकता. फक्त पोस्टचं गाठोडं आधी उतरवून ठेवलेलं हवं. सोय उत्तम, पण मांडणी अजून तांत्रिक लोकांच्याच हाताला येणारी.

आता परत मॅस्टोडॉन. बटण दाबण्याआधी नव्या सर्व्हरचं 'अबाउट' पान वाचा: कोण चालवतं, खर्च कोण करतं, बॅकअप घेतात का. कारण एकदा हलवलं की ३० दिवस पुन्हा हलवता येत नाही. जुन्या खात्यावरचं रीडायरेक्ट, म्हणजे 'आता तिकडे गेले' ही पाटी, काढता येतं, पण गेलेले फॉलोअर्स तेवढ्याने परत येत नाहीत. आणि ताई, अर्काइव्हची मागणी आजच टाका, फाईल तयार व्हायला वेळ लागतो.