सुभेदारांच्या बुलेटचे पॉइंट

(अँपिअर मीटर जवळून. चावी फिरते.)

चावी फिरवली की अँपिअर मीटरचा काटा वजाकडे झुकतो. म्हणजे पॉइंट (ठिणगीचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) टेकलेत, ठिणगीच्या कॉइलमधून करंट चाललाय. आता किक हळू दाबायची. पाय अडला की डाव्या हाताची डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर ओढायची आणि काटा मध्यावर येईपर्यंत किक अजून जराशी खाली न्यायची. लिव्हर सोडायची, किक वर घ्यायची. मग एकच किक, पण पूर्ण.

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या गावच्या निवृत्त सुभेदारांना ही रीत झोपेतही जमेल. गाडी 1986 ची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. हल्ली मात्र ती उलटी किक मारते, म्हणजे किक पायावरच उलटी येते, आणि यवतेश्वरचा घाट चढताना तापली की मिस मारते, म्हणजे मधेच ठोका चुकतो. नातवानं मोबाइलवर बघून निकाल लावलाय: पॉइंट काढायचे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. किट पिशवीत घालून आजोबा-नातू साताऱ्यात मिस्त्रींकडे आलेत.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "पॉइंटनी काय घोडं मारलंय?"

(उजव्या बाजूचं गोल झाकण निघतं.)

हे पॉइंट. धातूची दोन छोटी टोकं. ती टेकलेली असतात तोवर बॅटरीचा करंट कॉइलच्या आतल्या जाड तारेतून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फिरता कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला दांडा, टोकं अलग करतो, करंट तुटतो, ते क्षेत्र एका झटक्यात कोसळतं. त्या झटक्यानं कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि प्लगला ठिणगी पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास मोटारींसाठी रूढ केलेली ही पद्धत पुढे कितीतरी दशकं जगभर चालली.

साताऱ्याच्या जुन्या मिस्त्रींचा हात यावर बसलेला आहे. प्रिया स्कूटर याच गावात बनायची, आणि तिच्या मॅग्नेटोतही पॉइंटच होते.

पण पॉइंट झिजतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय म्हटलं तर कॅमचे 1500, म्हणजे सेकंदाला 25 वेळा ही टोकं उघडतात आणि मिटतात. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो. गॅप हवा 0.35 ते 0.40 मिलिमीटर. तो कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं, गाडी मरगळते.

(भिंगातून पॉइंट.)

इथे बघा. एका टोकाला खड्डा, समोरच्या टोकावर तेवढंच टेंगूळ. एकीकडचा धातू उडून दुसरीकडे जाऊन बसलाय. संशय जातो कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना तिथं उडणारी ठिणगी दाबून ठेवणं हे त्याचं काम. तो गरम झाल्यावर दगा देत असेल, तर घाटात मिस मारण्याचं कोडंही सुटतं.

मिस्त्री मल्टिमीटर लावतात. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. कॉइलपाशी येईस्तोवर 10.8. मधले व्होल्ट काळ्या पडलेल्या चावीच्या स्विचनं आणि सैल जोडांनी खाल्ले. पॉइंटची प्लेट उचलली तर खाली ॲडव्हान्सची दोन वजनं जुन्या ग्रीसमध्ये रुतलेली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. इंजिन थांबल्यावर त्यांनी आत यायला हवं. ही बाहेरच अडकून बसायची. उलटी किक इथून येत होती.

"सुभेदार, ह्यातलं निम्मं दुखणं पॉइंटचं न्हाईच," मिस्त्री म्हणतात. नातू गप्प.

आमचंही मत मिस्त्रींसारखंच. वायरिंग तसंच ठेवून किट बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जेमतेम बॅटरीवर पॉइंट कशीबशी ठिणगी देतात; इलेक्ट्रॉनिक युनिट व्होल्टेज फार पडलं की सरळ बंद होतं. म्हणून आधी स्विच बदलला, अर्थिंग घासून घट्ट केलं, वजनं रॉकेलनं धुऊन तेल दिलं. किट 12 व्होल्टचं आहे, आणि ही गाडी पूर्वीच 6 वरून 12 व्होल्टची करून घेतलेली, हे बरं झालं.

मग किटची पाळी. पॉइंटच्या जागी सेन्सर, कॅमच्या टोकाला चुंबक. घासणारं काही उरलं नाही, म्हणजे गॅप बघणंही गेलं. करंट तोडायचं काम आता ट्रान्झिस्टरकडे. कॉइलचा रोध किटच्या कागदावर दिलाय तेवढाच हवा. कमी रोधाची कॉइल लावली तर युनिट तापून जळतं. प्लग कॅपही रेझिस्टरवाली, 5 किलोओहमची, नाहीतर ठिणगीचा उपद्रव युनिटलाच. टायमिंग लावायला पूर्वी पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचे. तो सुटला की पॉइंट उघडले. आता सेन्सरवरचा बारका दिवा तेच सांगतो.

सुभेदार सीटवर बसतात, चावी फिरवतात. काटा हलत नाही. इंजिन थांबलेलं असलं की हे युनिट कॉइलला करंटच देत नाही. आता पायाच्या अंदाजावर किक मारायची.

"मग मीटर कशाला ठेवायचा?" सुभेदार विचारतात. चार्जिंग कळायला, असं उत्तर मिळतं. ते त्यांना फारसं पटलेलं दिसत नाही.

(यवतेश्वर घाट.)

दुसऱ्या गिअरमध्ये चढ. इंजिन पुरतं तापलंय, तरी एकही ठोका चुकत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आतून किटकिट आवाज आला असता, तर टायमिंग जास्त पुढे गेलं असं समजायचं. तसा आवाज नाही. मंद आयडलिंगला गाडी पूर्वीपेक्षा स्थिर आहे, एवढा फरक कानाला कळतो. ताकद वाढली म्हणाल, तर नाही.

जुनी प्लेट नव्या कंडेन्सरसकट टूलबॉक्समध्ये ठेवलीय. कासच्या पावसात युनिट गेलं तर रस्त्यावर ते दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र पान्यानं आणि पॉलिश पेपरनं चालू करता येतात.

परतल्यावर गॅरेजपाशी दुसरा एक बुलेटवाला उभा. "मिस्त्री, मलाबी असलंच किट बसवा."

मिस्त्री मल्टिमीटर उचलतात. "आधी बॅटरी दाव."