सव्वातीन सेकंदांचं पाणी

(अंधार. भिंतीवर पाण्याची एक पांढरी रेघ उमटते.)

बेळगावच्या टिळकवाडीतल्या या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या नाहीत. खाली सतरंजी, समोर भिंत आणि भिंतभर आम्ही चित्रित केलेला गोकाकचा धबधबा. आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की शेजारी कोण बसलंय ते कळतं. ध्यान म्हटलं की आपण डोळे मिटतो. इथे ते उघडे ठेवूनच बसायचं असतं.

आपण बेळगावकर पावसाळ्यात गोकाकला जातो, झुलत्या पुलावर फोटो काढतो, भिजतो आणि करदंटाची मिठाई बांधून घेऊन परततो. धबधबा बघून झालेला असतो, पाणी मात्र बघायचं राहून जातं. माझंही वर्षानुवर्षं राहिलं होतं.

घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली उडी घेते. हवेचा अडथळा सोडला तर कड्यावरून सुटलेलं पाणी जेमतेम सव्वातीन सेकंदांत तळ गाठतं. तेवढ्यात डोळा त्याचा माग काढणार तरी कसा? म्हणून आम्ही सेकंदाला २४० चित्रं टिपली आणि ती २४ च्या गतीने दाखवली. सव्वातीनचे साडेबत्तीस सेकंद झाले.

ही वाट आधी बिल व्हायोला यांच्यासारख्यांनी घालून दिली. १९९५ साली या अमेरिकन कलाकाराने व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात ‘द ग्रीटिंग’ हे व्हिडिओचित्र दाखवलं. दोघी बोलत उभ्या असतात, तिसरी येते, एकीला मिठी मारून कानात काहीतरी सांगते. प्रसंग ४५ सेकंदांचा. सेकंदाला ३०० चित्रं घेऊन तो दहा मिनिटांवर नेलेला. एरवी नजरेतून निसटलं असतं ते मग दिसतं : बाजूला पडलेल्या बाईचा चेहरा कसा बदलत जातो ते. व्हायोला लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचले होते. २०२४ साली ते गेले, पण पाणी त्यांच्या कामात शेवटपर्यंत येत राहिलं.

(धबधब्याचा घोष वाढतो.)

दुपारी एक आजोबा आले. धबधब्याला लागून असलेल्या मिलमध्ये त्यांनी उभी नोकरी काढलेली. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाळ, आवाज जरा बंद कर की.”

बंद केला.

(घोष थांबतो.)

कड्यावर पाणी गढूळ, तांबूस, एकसंध आहे. सुटल्यावर त्याला झालरी फुटतात, झालरींच्या दोऱ्या होतात, दोऱ्यांचे मणी. तळाशी येईस्तोवर नुसता धूर.

“तीस वर्षं हा आवाज कानात होता बघ,” आजोबा म्हणाले. “पाणी पडताना कधी बघितलो नव्हतो.”

थोड्या वेळाने विचारलं, “आजोबा, आवाज लावू का आता?”

त्यांनी भिंतीवरची नजर न हलवता हात वर केला. थांब.

पाणी पुन्हा कड्यावर आलं होतं.