दोराच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिलेली बोट

पडद्यावर दिसते आहे ते पाणी मिसिसिपी नदीचे आहे. मात्र इथे ती इतकी पसरली आहे की तिला लेक पेपिन असे सरोवराचे नाव मिळाले आहे. पलीकडचा काठ विस्कॉन्सिन राज्याचा, अलीकडचा मिनेसोटाचा. अलीकडच्या काठावरील लेक सिटी या गावात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने १९२२ च्या उन्हाळ्यात बर्फावर घसरतात तसे पाण्यावर घसरून पाहण्याचा ध्यास घेतला. पिंपाच्या फळ्यांनी त्याला दाद दिली नाही आणि बर्फावरच्या स्कीनेही दिली नाही. शेवटी आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन लाकडी फळ्या आणून त्याने त्यांची टोके आईच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यात उकळली, मऊ झाल्यावर ती वर वाकवली आणि भावाला बोट चालवायला बसवले. २ जुलै रोजी, म्हणजे स्वतःच्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलण्याची युक्ती त्याला साधली आणि तो पाण्यावर उभा राहिला. या शोधाचे श्रेय अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने त्याला दिले ते १९६६ मध्ये.

बोट कोणती घ्यावी, हा प्रश्न सॅम्युएलसनपुढे नव्हता, कारण स्की हा खेळच नव्हता तेव्हा त्याच्यासाठी बांधलेली बोट तरी कुठून असणार? आज मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे आहेत, उन्हाळा जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा आहे आणि तेवढ्या दिवसांसाठी बोट घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला विक्रेता आधी आसनांचा रंग, मग संगीताची यंत्रणा आणि मग इंजिनाची अश्वशक्ती दाखवतो. बोट पाहायची असते ती मागून, कारण या खेळांत जो खेळतो तो बोटीत नसतोच. तो दोराच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि बोटीने मागे सोडलेले पाणी एवढेच त्याचे मैदान असते.

त्या मागे उठणाऱ्या लाटेला इथे वेक म्हणतात, आणि खरी पंचाईत तिच्यापासूनच सुरू होते. एका स्कीवर उभे राहून बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, वळसे घालणाऱ्या स्लॅलम खेळाडूला ही लाट जवळजवळ नकोच असते. स्पर्धांमध्ये पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत आणि स्त्रियांसाठी ५५ पर्यंत जातो, आणि त्या वेगाने लाट ओलांडताना इंचभर उंचवटाही गुडघ्यांना जाणवतो. वेकबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधलेल्या एकाच रुंद फळीवर, उभ्या असलेल्या मुलाला याच्या नेमके उलट हवे असते. तो ताशी ३० ते ३८ किलोमीटरच्या वेगाने येतो, लाटेच्या उतारावर चढतो आणि तिचा उडीच्या फळीसारखा उपयोग करून हवेत जातो. लाट बसकी असेल तर त्याची उडीही बसकीच. राहिली ट्यूब, म्हणजे बोटीमागे ओढला जाणारा हवा भरलेला तराफा. तारकर्लीला किंवा अलिबागला ज्यांनी बंपर राइड घेतली आहे त्यांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. तिला लाटेचे फारसे देणेघेणे नसते. तिला मोकळे पाणी, संयमी चालक आणि किंचाळण्याची तयारी पुरते.

म्हणजे एका घरात आईला स्की आवडते, थोरल्याला वेकबोर्ड आणि धाकटीला ट्यूब, अशी वाटणी असेल तर तिघांना तीन वेगळी पाणी हवी आहेत आणि बोट मात्र एकच घ्यायची आहे.

बोटीमागचे पाणी कसे असेल हे बव्हंशी दोन गोष्टी ठरवतात: तळाचा आकार आणि इंजिनाची जागा. निव्वळ स्कीसाठी बांधलेल्या बोटीत इंजिन मधोमध असते आणि त्याचा दांडा सरळ मागे जाऊन तळाखालच्या पंख्याला मिळतो. वजन मध्यावर विभागले गेल्यामुळे बोट सपाट धावते आणि मागे पाणी फारसे उचलले जात नाही. दोर बांधायचा खांबही मध्यावरच असल्याने स्कीवरचा माणूस जोराने बाजूला खेचू लागला तरी बोटीची मागची बाजू त्याच्याबरोबर ओढली जात नाही. मात्र इंजिनाची पेटी बरोबर बैठकीच्या मध्ये येते. दोन मुले, आजी-आजोबा, डब्यांची पिशवी आणि ओले टॉवेल त्या पेटीभोवती कसेबसे मावतात. स्कीचे वेड असलेल्या चौघांना ही बोट आवडेल, परंतु तिला कौटुंबिक बोट म्हणताना मला तरी संकोच वाटतो.

दुसरा प्रकार व्ही-ड्राइव्हचा. यात इंजिन अगदी मागे आणि उलटे तोंड करून बसवलेले असते. त्याचा दांडा आधी पुढे येतो, गियरपेटीत वळतो आणि तळाखालून पुन्हा मागे जातो, म्हणून इंग्रजी व्ही अक्षराचे हे नाव. मागे भार आल्याने बोटीची पाठ पाण्यात बसते आणि लाट मोठी होते. तेवढ्याने भागत नाही म्हणून टाक्यांत सरोवराचे पाणी भरून आणखी वजन वाढवतात. गलबत स्थिर राहावे म्हणून तळाशी ठेवायच्या भाराला जुन्या मराठीत नीरम म्हणत. इथे तेच नीरम स्थैर्यासाठी नव्हे, तर पाणी उचलण्यासाठी वापरले जाते. मधला भाग मोकळा राहिल्याने बसायला ऐसपैस जागा मिळते. नव्या बोटीची किंमत मात्र सहज १ लाख डॉलरच्या पुढे जाते.

तिसरी बोट सर्वांत सामान्य आहे आणि कदाचित म्हणूनच तिच्याकडे पुरेशा आदराने पाहिले जात नाही. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, उघड्या भागातही आसने असलेली ही बोरायडर. तिचा पंखा तळाखाली नसून मागच्या बाजूला बाहेर असतो, मग इंजिन आत असलेले स्टर्नड्राइव्ह असो वा पाठीला टांगलेले आउटबोर्ड. तिची लाट स्कीवाल्याला थोडी जास्त आणि वेकबोर्डवाल्याला थोडी कमी वाटते. पण नवशिक्याला दोन्ही चालते, ट्यूब उत्तम ओढली जाते आणि उरलेल्या दिवशी त्याच बोटीतून मासेमारी किंवा संध्याकाळचा फेरफटका होतो. शिवाय पंख्याबरोबर जोराची दिशाही वळत असल्यामुळे ती धक्क्याला लावणे सोपे जाते. तळाखाली पंखा आणि एकच सुकाणू असलेली बोट मागे घेताना चालकाचे ऐकतेच असे नाही, हे नव्या मालकाला पहिल्याच दिवशी, बहुधा लोकांसमोर, कळते.

इथपर्यंत प्रश्न आवडीनिवडीचा होता. घरात कोणाला वेकसर्फिंग करायचे असेल तर तो आवडीचा राहत नाही. या खेळात सर्फर ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या संथ वेगाने, दोर सोडून देऊन, बोटीच्या अगदी पाठीशी लाटेवर उभा असतो. पडला तर तो पंख्याच्या जवळच पडतो, म्हणून मागे उघडा पंखा असलेल्या नेहमीच्या स्टर्नड्राइव्ह किंवा आउटबोर्ड बोटीमागे हा खेळ खेळायचा नसतो; पंखा तळाखाली किंवा पुढच्या दिशेने तोंड केलेला असलेलीच बोट त्याला हवी. सर्फर धुराच्याही तितकाच जवळ असतो. पेट्रोल इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि चालत्या इंजिनाच्या बोटीत मागच्या फळीवर पाय सोडून बसण्याची सवय याच कारणाने जिवावर बेतू शकते. ‘मुले मोठी झाली की बघू’ असे सर्फिंगबद्दल म्हणणाऱ्या पालकांनी बोट घेण्यापूर्वीच ते बघितलेले बरे. नंतर बोट बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

चालकाजवळ एक छोटी पट्टी असते, तिच्याकडे कॅमेरा जरा वेळ थांबला आहे. वीस फुटांहून लहान बोटींवर अमेरिकेत ती बंधनकारक आहे, आणि तिच्यावर किती माणसे व एकूण किती वजन चालेल हे लिहिलेले असते. टाकीत भरलेले पाणीही वजनच असते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ५०० लिटर नीरम भरले की सात-आठ मोठ्या माणसांइतका भार बोटीवर आला, मग आसने रिकामी दिसली तरी बोट रिकामी नसते. अशा वेळी पडलेल्या खेळाडूला घ्यायला चालक घाईने वळला, तर त्याने स्वतःच उठवलेल्या लाटा समोरून येतात आणि नाळेत बसलेल्या मुलांच्या मांडीवर पाणी येते. संथ वळून त्याच रेषेने परत येणारा चालक बोट कोरडी ठेवतो आणि पुढच्या फेरीसाठी पाणीही सपाट ठेवतो.

ट्यूबचा दोर हा स्कीच्या दोराचा भाऊ नव्हे. दोघे बसणाऱ्या ट्यूबला सुमारे १,०८० किलोंचा ताण सोसणारा दोर लागतो, चौघांसाठी सुमारे १,८६० किलोंचा, आणि त्याची लांबी ५० ते ६५ फुटांच्या दरम्यान असावी असा तिथल्या जलक्रीडा उद्योगाचा संकेत आहे. हा दोर मागच्या बाजूच्या खालच्या कडीला बांधतात. वेकबोर्डसाठी बोटीवर उभारलेल्या उंच कमानीला तो बांधणे चुकीचे आहे, कारण ट्यूबचे तोंड पाण्यात घुसले की क्षणात येणारा झटका त्या उंचीवरून अनेक पटींनी जाणवतो आणि बहुतेक बोट-उत्पादक तसे न करण्याची सूचना देतात.

आता बोटीबाहेरचा हिशेब. मिनिॲपोलिसच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दारात बहुधा मध्यम आकाराची गाडी असते. एकवीस-बावीस फुटांची व्ही-ड्राइव्ह बोट, तिचा ट्रेलर आणि भरलेली इंधनटाकी यांचे वजन अडीच-तीन टनांच्या घरात जाते; ती गाडी हे ओढू शकणार नसेल तर बोटीच्या किमतीत नव्या ट्रकची किंमत मिळवावी लागते. हिवाळ्याचाही खर्च असतोच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, आणि इंजिनात राहिलेले थोडेसे पाणी डिसेंबरात ओतीव लोखंडाला तडा पाडायला पुरते. म्हणून जुनी बोट पाहताना इंजिन किती तास चालले आहे हे मीटरवर जरूर पाहावे, परंतु गेल्या हिवाळ्याआधी इंजिनातले पाणी कोणी आणि कसे काढले हे त्याआधी विचारावे. बोटीची मागची भिंत आणि जमीन बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावी. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजले असण्याची शक्यता असते. आणि पाण्यात फेरी मारल्याशिवाय सौदा करू नये, तीही एकट्याने नव्हे, घरातली सगळी माणसे बसवून, कारण रिकाम्या बोटीची लाट आणि भरलेल्या बोटीची लाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या फेरीत एकाने मागे तोंड करून बसावे. ओढल्या जाणाऱ्या माणसावर सतत नजर ठेवणारा कोणी बोटीत हवाच. रुंद आरसा त्याच्या मदतीला असावा, त्याच्या जागी नव्हे, असे माझे मत आहे. चालकाच्या अंगाला जोडलेला इंजिन बंद करणारा पट्टा २६ फुटांहून लहान बोटींवर १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने आवश्यक झाला आहे. तो हातात घेऊन एकदा ओढून पाहावा. पाण्यातला माणूस चढण्यासाठी मागच्या शिडीकडे येतो तेव्हा इंजिन न्यूट्रलमध्ये नव्हे, पूर्ण बंद असले पाहिजे. शिडी दमलेल्या दहा वर्षांच्या मुलाला चढता येईल इतकी खोल जाते का, हेही तेव्हाच पाहावे.

बोटीला लागणाऱ्या पाण्याचाही विचार करावा लागतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे सुचवले की सर्फिंगसाठी चालवलेल्या बोटींनी काठापासून ५०० फुटांहून अधिक दूर राहावे. नेहमीच्या बोटींच्या लाटा २०० फुटांवर जेवढ्या उरतात तेवढ्या होण्यासाठी या मोठ्या लाटांना एवढे अंतर लागते. आपल्या घराजवळचे सरोवर अरुंद असेल तर मोठी लाट विकत घेऊन ती उठवायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

संध्याकाळ झाली आहे आणि बोट उतारावरून ट्रेलरवर चढते आहे. तळाशी असलेले बूच काढले गेले आणि पाण्याची धार वाहू लागली; मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना हे बूच काढलेलेच असावे असा कायदा आहे, कारण झीब्रा मसल या शिंपल्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले अशाच उरलेल्या पाण्यातून एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. नीरमाच्या टाक्या पंपाने उपसल्या तरी त्यांच्या तळाशी काही पाणी राहतेच. हा व्हिडिओ पाहून कोणी उद्या विक्रेत्याकडे जाणार असेल, तर या टाक्या पूर्ण कोरड्या कशा करायच्या हे त्याने विक्रेत्यालाच प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे.