नेटवर्किंगसाठी कॉलेज निवडताय? आधी लॅब उघडून बघा

[दृश्य: रॅक, वरून खाली]

हा ४२ यू, म्हणजे ४२ खणांच्या उंचीचा रॅक, नेटवर्कची यंत्रं बसवायचा सांगाडा. वर पॅच पॅनल (केबल जिथे येऊन संपतात ती पट्टी), त्याखाली २४ पोर्टचे स्विच (एकाच नेटवर्कमधली यंत्रं जोडणारे), मग राउटर (एक नेटवर्क दुसऱ्याशी जोडणारा), तळाला यूपीएस. प्रत्येक पॅच कॉर्डच्या, म्हणजे छोट्या जोडकेबलच्या, दोन्ही टोकांना लेबल आहे. लेबलांच्या कडा मळल्या आहेत, म्हणजे इथे रोज कुणाचा तरी हात लागतो. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या फोटोत असा रॅक दिसेल, पण तिथे लेबलं कोरी आहेत की मळकी, हे कळत नाही. ते बघायला प्रवेशाआधी स्वतः लॅबमध्ये जावं लागतं.

महाराष्ट्रात ‘नेटवर्किंग’ नावाची स्वतंत्र बी.टेक. शाखा क्वचितच सापडते. हा विषय कॉम्प्युटर, आयटी आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) या शाखांमध्ये वाटला गेलाय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये संगणक अभियांत्रिकीला ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी’ आला तो थेट तिसऱ्या वर्षी. त्याआधीची दोन वर्षं गणित, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर यांची. ती फुकट जात नाहीत. सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, हे बायनरी गणितच आहे. शंभर स्विचवर एकच बदल करायचा तर आज पायथनची स्क्रिप्ट लिहितात, एकेका स्विचवर कुणी टाईप करत बसत नाही. सिग्नल, फायबर, वायरलेस याची ओढ असेल तर ईएनटीसी. ऑपरेटिंग सिस्टीम, सॉकेट प्रोग्रॅमिंग (नेटवर्कवरून बोलणारे प्रोग्रॅम लिहिणं), सिक्युरिटी याची असेल तर कॉम्प्युटर किंवा आयटी. नावापुढे कंसात ‘सायबर सिक्युरिटी’ लिहिलेल्या नव्या शाखाही आहेत. तिथे नाव बाजूला ठेवा आणि चारही वर्षांची विषययादी काढून वाचा.

[दृश्य: क्रिम्पिंग, फक्त हात]

कॅट-सिक्स, नेटवर्कची तांब्याची केबल. क्रिम्पिंग म्हणजे तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं. आत आठ तारा, पीळ दिलेल्या चार जोड्या. वरचं आवरण सोलायचं, पीळ सोडवायचा, तारा सरळ करून ओळीत लावायच्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी क्रम. टोकं एका रेषेत कापायची, आरजे-४५ कनेक्टरमध्ये पार शेवटपर्यंत सरकवायची आणि मग क्रिम्पर दाबायचा. कनेक्टरपाशी पीळ सुटलेला राहू द्यायचा तो जास्तीत जास्त अर्धा इंच. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर चार वेळा ओढाताण झाली की तारा निसटतात.

आता ही दुसरी केबल बघा. हिच्यात पांढऱ्या-हिरव्याशेजारी हिरवा लावलाय आणि पांढऱ्या-निळ्याशेजारी निळा. दिसायला अगदी नीट. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्यामुळे साध्या टेस्टरचे आठही दिवे बिनचूक लागतात. तरीही केबल चुकलेली आहे. तीन आणि सहा नंबरच्या पिना मिळून एक जोडी चालवतात, आणि इथे त्या दोन तारा वेगवेगळ्या पिळातल्या आहेत. जोडी फुटली की शेजारच्या तारांचा सिग्नल एकमेकांत मिसळतो. केबल छोटी असेल तर खपून जातं. लांबी वाढली की पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळायला लागतात, लिंक मध्येच पडते, आणि दोष स्विचवर ढकलला जातो. साधा टेस्टर तार जोडलेली आहे की नाही, एवढंच सांगतो. फुटलेली जोडी पकडायला क्रॉसटॉक, म्हणजे ही सिग्नलची मिसळण, मोजणारं यंत्र लागतं.

पॅकेट ट्रेसर या सिस्को कंपनीच्या नेटवर्क-सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दिसणार नाही, तिथे केबल कधी चुकीची क्रिम्प होत नाही. व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ अशा स्विच-राउटरच्या सेटिंगच्या सरावासाठी ते उत्तम आहे, मोफत आहे, घरी लॅपटॉपवर चालतं. म्हणूनच त्यासाठी कॉलेजची लॅब लागत नाही. लॅब लागते ती अशा केबलसाठी.

[दृश्य: दोन स्विच, लुकलुकणारे दिवे]

दोन स्विच, त्यांच्यामध्ये दोन केबल, आणि स्पॅनिंग ट्री, म्हणजे असा गोल फेरा तोडणारी स्विचमधली व्यवस्था, मुद्दाम बंद. एका संगणकावरून एक ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांना उद्देशून एक संदेश, सोडली. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो, प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट संपतं. इथरनेट फ्रेमला असं आयुष्यच नाही. ती दोन्ही केबलमधून गोल फिरत राहते. बघा, सगळे दिवे एकदम धडधडायला लागले आणि पिंगची (दुसरं यंत्र उत्तर देतं का, हे बघणाऱ्या चाचणीची) उत्तरं थांबली. यातली एक केबल काढली की सगळं पूर्ववत. ऑफिसमध्ये कुणीतरी मोकळी दिसलेली केबल सहज भिंतीतल्या पोर्टमध्ये खुपसतो, तेव्हा हेच होतं. स्पॅनिंग ट्री परत चालू केली, तर जुन्या ८०२.१डी पद्धतीत पोर्ट १५ सेकंद लिसनिंगमध्ये आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये थांबतं, मगच वाहतूक सुरू होते. त्या तीस सेकंदांत घाबरून केबल उपटायची नाही, हे हाताला इथेच कळतं.

लॅब बघायला जाल तेव्हा लॅब असिस्टंटना गाठा. एका बॅचमध्ये किती मुलं आणि चालू स्थितीतले राउटर किती? राउटरला थेट लॅपटॉप जोडणाऱ्या एका कन्सोल केबलभोवती सहा जण उभे राहत असतील, तर टाईप एकच जण करतो. आधीच्या बॅचने पासवर्ड टाकून राउटर तसाच सोडला तर काय करता, हे जरूर विचारा. “राउटर बंद-चालू करून ब्रेक द्यायचा, कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१४२ करायचं, पासवर्ड बदलून परत ०एक्स२१०२ वर आणायचं,” असं उत्तर लगेच आलं, तर तिथे सिस्कोचे राउटर खरोखर वापरात आहेत. “तो बंदच आहे” असं ऐकलंत, तर किती दिवसांपासून, तेही विचारा. मागच्या वर्षीची दोन-तीन जर्नल मागून घ्या. सगळ्यांत तोच स्क्रीनशॉट चिकटवलेला असेल, तर प्रॅक्टिकल झालंय ते कागदावर.

कागदपत्रांतही बघण्यासारखं आहे. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएची मान्यता एकेका शाखेची. कॉलेजच्या फाटकावर एनबीएचा फलक असला, तरी तुमच्या शाखेला ती आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे तपासा. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः बदलू शकतं, त्यामुळे तिथे चालू वर्षाची प्रतच मागा.

[दृश्य: ऐरोली, महापे, रस्त्यावरून]

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल येऊन लागतात. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे भागात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. या कामाला माणसं लागतात. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेला पदवीची अट नाही आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, म्हणून ‘चार वर्षं कशाला?’ असा प्रश्न घरात निघतोच. तिसऱ्या वर्षी विषय शिकून झाला की त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत ती परीक्षा द्यावी. पदवी आणि प्रमाणपत्र, दोन्ही पदरात पडतात.

आता कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय अर्ज. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून लॅब न बघितलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून लागू झालेली फीमाफी आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत आहे, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही.