चिन्हाला नाव देताना

मित्रहो, एक्सच्या डोक्यावर बारीक २ लिहिला की तो वर्ग, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मॅट्रिक्सच्या डोक्यावर टी लिहिला तर मात्र तो घातांक नसतो, ट्रान्स्पोज असतो, म्हणजे आडव्या ओळी उभ्या करून मांडलेला मॅट्रिक्स. आणि त्रिकोणमितीतल्या साइनच्या डोक्यावर उणे एक आला, की बहुतेक वेळा ते व्यस्त फलन असतं. कागदावर तिघांची जागा एकच.

वेबपानावर गणित लिहिण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९८ साली मॅथएमएल हे मानक मंजूर केलं. त्यात प्रत्येक भाग टॅगमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या खुणांच्या जोडीत, लिहितात. या वरच्या जागेच्या टॅगला ‘पॉवर’, म्हणजे घात, म्हटलं असतं, तर ट्रान्स्पोज लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी खोटं लिहावं लागलं असतं. म्हणून नाव ठेवलं ‘एमसप’, यातला सप सुपरस्क्रिप्टचा. वर लिहिलेलं आहे, एवढंच ते सांगतं. ‘पॉवर’ही आहे, पण अर्थ सांगणाऱ्या टॅगांच्या गटात. ज्याला घातांकच म्हणायचा आहे, त्याने तो वापरावा.

मला सगळ्यात शहाणं नाव वाटतं ते ‘एमआय’. यातला आय आयडेंटिफायरचा, म्हणजे ओळखीच्या नावाचा. एक्स हा चल, पाय हा स्थिरांक, साइन हे फलन. तिघंही याच टॅगमध्ये बसतात, कारण लिहिणाऱ्याला तू यातला कोण, असं तो विचारतच नाही. आत एकच अक्षर असेल तर ते तिरकं छापलं जातं, जास्त असतील तर सरळ. त्यामुळे साइनची एस, आय, एन ही अक्षरं तीन वेगळ्या ‘एमआय’मध्ये घातली, तर तिरक्या अक्षरांतल्या तीन चलांचा गुणाकार दिसू लागतो. टॅग कुठे उघडायचा आणि कुठे मिटायचा, हाही गणिताचाच निर्णय आहे!

पहिल्या आवृत्तीत अर्थाच्या टॅगांतलं एक नाव मात्र फसलं. बेरीज ‘अप्लाय’ (क्रिया पदांना लागू करा) या टॅगमध्ये लिहायची, पण बरोबरीचं चिन्ह आलं की ‘रेल्न’ नावाचा वेगळा टॅग, कारण बरोबरी हा संबंध, म्हणजे रिलेशन. पण ‘अधिक’ दोन पदांना लागू होतं, तसंच ‘बरोबर’ही होतं. मग वेगळं दार कशाला? २००१च्या दुसऱ्या आवृत्तीने ‘रेल्न’ मोडीत काढला आणि दोन्हींसाठी ‘अप्लाय’ ठेवला. मानकातलं नाव मागे घेणं सोपं नसतं, जुनी पानं ते वापरत राहतात. म्हणून या दुरुस्तीचं मला मोल वाटतं.

उद्या कुणी नवं चिन्ह काढलं तर? प्रत्येकासाठी नवा टॅग काढत बसलो, तर मानक कधीच पुरं होणार नाही. त्यासाठी ‘सीसिम्बॉल’ आहे: चिन्हाचं नाव लिहायचं आणि त्याची व्याख्या कुठे आहे तिकडे बोट दाखवायचं.

चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यात ‘इंटेंट’ (अभिप्रेत अर्थ) हा टॅगला जोडायचा गुणधर्म आला आहे. ‘एमसप’सारख्या मांडणीच्या टॅगवरच त्यातून ‘ट्रान्स्पोज’ असं नोंदवता येतं, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या टी-ला घात म्हणणार नाही. आणि अर्थाची खात्री नसेल, तर तो न लिहिण्याची मोकळीक लेखकाला आहे.