खंगर विटांतली अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. वीटभट्टी उतरवताना धगीच्या तोंडाशी राहिलेल्या विटा काळ्यानिळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या निघतात. आपण त्यांना खंगर म्हणतो आणि पायाभरणीत ढकलून देतो. अमेरिकेत मात्र एका जोडप्याने याच विटांनी घरावर आपली नावं लिहिली.

न्यू जर्सी म्हटलं की आपल्याला एडिसन आठवतं. पण त्याच राज्याच्या पार दक्षिणेला, सेलम परगण्यात, शेतं आणि दलदलीच्या मधोमध हॅनकॉक हाऊस उभं आहे. वस्ती इंग्लंडहून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. साधं राहावं, मिरवू नये, शस्त्र उचलू नये, अशी त्यांची शिकवण. घरही तसंच सरळसोट, दुमजली. फक्त बाजूच्या भिंतीने मिरवण्याची सगळी हौस भागवून घेतलीय.

ही भिंत फ्लेमिश बॉण्डमध्ये रचलीय. म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची टोकाने. टोकं दिसतात तिथे खंगर लावायची. लाकडाच्या राखेतला क्षार आणि धग यांनी मातीतली वाळू वितळते आणि विटेच्या टोकावर निळसर काच चढते. गवंड्याने अशी टोकं थराथराला सरकवत लाल भिंतीवर नागमोडी रेघा उतरवल्यात. वर आकडा, १७३४. आणि अक्षरं तीन: डब्ल्यू, एच, एस. विल्यम आणि सारा, मधे हॅनकॉक. बायकोचं नाव नवऱ्याच्या बरोबरीने, तेही पक्क्या विटेत! मला ही भिंत आवडते ती यासाठी.

पुढे ब्रिटिश राजाविरुद्धचं अमेरिकेचं क्रांतियुद्ध आलं. फिलाडेल्फियात ठाण मांडलेली ब्रिटिश फौज धान्य आणि गुरं गोळा करायला या भागात उतरली होती. २१ मार्च १७७८च्या पहाटे मेजर सिमको सुमारे तीनशे माणसं घेऊन आला. घरात क्रांतीच्या बाजूचे स्थानिक शिपाई झोपले होते. बंदुकीचा बार नाही, नुसत्या संगिनी. झोपेतच कापले गेले बिचारे. त्यांच्याबरोबर घरमालक न्यायाधीशही गेला, आणि तो तर राजाच्या बाजूचा! अंधारात कोण कुणाचा, हे विचारायला कोणी थांबलं नाही.

१९३१ साली राज्य सरकारने ते घर विकत घेतलं. भिंतीवरचा डब्ल्यू बांधणाऱ्या विल्यमचा. त्या पहाटे मारला गेला तो त्याचा मुलगा. त्याचंही नाव विल्यमच.