दोनशेदहावा

२६ जून १९९९. बोस्टन. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचा दिवस. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं एकेक करून संघांच्या नावावर चढतायत. पहिलं नाव चेक खेळाडू पॅट्रिक स्टेफानचं. दुसरं, तिसरं स्वीडनच्या जुळ्या सेडिन भावांचं. आणि कितीतरी नंतर, सातव्या फेरीत, डेट्रॉइट रेड विंग्जनं घेतलेला हेन्रिक झेटरबर्ग. दोनशेदहावा.

खरं तर डेट्रॉइटची माणसं त्याला बघायला गेलीच नव्हती. नवे खेळाडू हेरणारे स्काउट हॉकन अँडरसन आणि त्यांचे सहकारी जिम निल यांचं लक्ष होतं त्याच्याच संघातल्या मॅटियस वाइनहांडलवर. पण पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सारखा दिसायचा तो या किरकोळ अंगाच्या पोराकडे.

बाकीच्या संघांना मी दोष देणार नाही. अठराव्या वर्षी उंची मोजता येते, वजन मोजता येतं, बर्फावरचा वेग मोजता येतो. हाडापेरानं भरलेल्या माणसांमध्ये हा पोरगा उद्या कसा टिकेल, हे कशानं मोजणार?

डेट्रॉइटनं घाई केली नाही, आणि माझ्या मते सगळं इथंच साधलं. झेटरबर्ग स्वीडनमध्येच, तिमरो क्लबकडे राहिला. २००० मध्ये तिमरो वरच्या लीगमध्ये चढला आणि आता रोज गाठ पडू लागली कसलेल्या खेळाडूंशी. धक्के खात पक राखायचा, जागा नसताना जागा काढायची. २००२ मध्ये तो स्वीडनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो डेट्रॉइटकडून बर्फावर उतरला.

आता हे दृश्य नीट बघा. २००८, एनएचएलच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅनली कपची अंतिम मालिका, चौथा सामना. डेट्रॉइट २-१ नं पुढे, पण त्यांचे दोघे शिक्षा भोगत बाहेर बसलेत. पिट्सबर्गचे पाच, डेट्रॉइटचे तीन. गोलच्या खांबापाशी पिट्सबर्गचा सिडनी क्रॉसबी, समोर उघडी जाळी. आणि नेमका त्याच क्षणी झेटरबर्ग त्याची स्टिकच अडकवून धरतो. गोल होत नाही. डेट्रॉइट सामना जिंकतं, पुढे कपही. प्लेऑफमधला, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांमधला सर्वोत्तम खेळाडू? झेटरबर्ग.

स्टेफानची कारकीर्द ४५५ सामने आणि ६४ गोलांवर थांबली. दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही, हेही सांगायला हवं. झेटरबर्ग १,०८२ सामने खेळला, ३३७ गोल केले, डेट्रॉइटचा कर्णधार झाला.

आणि त्याच्या शेजारी खेळणारा तो रशियन, पावेल दात्स्युक? दोन ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. तिसऱ्यांदा, १९९८ मध्ये, अँडरसनच्याच शब्दावर डेट्रॉइटनं त्याला घेतलं. १७१ वा.